शंका संगणकाच्या : रॅमच्या बीपपासून मेल मर्जपर्यंत

संगणकाचा प्राथमिक अभ्यासक्रम करणाऱ्या वाचकांच्या शंकांना या वेळी जागा दिली आहे. एकाच गोष्टीबद्दल अनेकांनी विचारलं असेल, तिथे प्रश्न एकत्र केले आहेत. सूत्रं आणि कळांची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची आहेत, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : सरावाचा संगणक चालू केला की पंखे फिरतात, दिवाही लागतो, पण पडदा काळाच राहतो. मधूनच बीप वाजते. सगळे म्हणतात, रॅम काढून परत लाव. ते नेमकं करायचं कसं?

उत्तर : रॅमकडे नंतर वळू. आधी मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं का ते बघा. येत असेल तर मॉनिटर ठीक आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही एवढंच. आता कॅबिनेटच्या मागे पाहा. मदरबोर्डचे पोर्ट वरच्या बाजूला असतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचे पोर्ट खाली, आडव्या पट्टीत असतात. कार्ड असताना केबल वरच्या पोर्टला लावलेली असणं ही फार नेहमीची चूक. ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोयच नाही, त्याच्या वरच्या पोर्टातून कधीच चित्र येणार नाही.

केबल बरोबर असेल तर झाकण उघडा. त्याआधी वीज बंद करून वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला विद्युतभार निघून जाईल. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. अंगावरची स्थिर वीज जाणवतही नाही इतकी कमी असते, पण चिपला तेवढी पुरते.

रॅमच्या स्लॉटच्या टोकांना खटके असतात. काही बोर्डांवर दोन्हीकडे, काहींवर एकाच बाजूला. ते बाहेर ढकलले की पट्टी वर उचलली जाते. पट्टी कडांना धरा. सोनेरी संपर्कांना बोट लावू नका. त्यांच्यावर धुळीचा किंवा ओलाव्याचा पातळ थर साठतो आणि संपर्क अर्धवट होतो. मऊ पांढऱ्या खोडरबराने वरून खाली हलकेच पुसा, रबराचे कण ब्रशने झाडा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर ते जास्त चांगलं. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे तुषार आत जातात.

परत लावताना पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा. जुळत नसेल तर जोर लावू नका, बहुधा पट्टीच वेगळ्या पिढीची आहे. डेस्कटॉपच्या डीडीआर३ ला २४० पिना असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोघींना २८८, पण खाचेची जागा वेगळी, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही. पट्टी सरळ उभी धरून दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा. खटका 'टक्' करून आत आला पाहिजे. एका टोकाला आवाज आला आणि दुसऱ्याला नाही, तर पट्टी तिरकी बसली आहे.

तरीही पडदा काळाच असेल तर एकच पट्टी ठेवा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट पहिल्या पट्टीसाठी असतो आणि दोन पट्ट्या असतील तर दुसरा व चौथा. एकेक पट्टी, एकेक स्लॉट असं आलटून पालटून पाहिलं की दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, ते कळतं. बीपचा अर्थ मात्र बायोस (संगणक सुरू होताना मदरबोर्डवर चालणारा पहिला प्रोग्राम) बनवणाऱ्या कंपनीगणिक बदलतो, तेव्हा पाठ केलेल्या यादीवर विसंबू नका, बोर्डाचं मॅन्युअल उघडा. नव्या बोर्डांवर बीपऐवजी चार छोटे दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं). जो लागून राहील तिथे अडलं आहे.

एक सावधगिरी. डीडीआर५ च्या संगणकात नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड त्या वेळात रॅमशी जुळवून घेत असतो. घाईने वीज बंद केली तर ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

प्रश्न : संगणक बंद करून वीज काढली की दुसऱ्या दिवशी तारीख जुनी दिसते आणि वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. व्हायरस असेल का?

उत्तर : नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. सीआर२०३२ हे त्याचं नाव. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी आणि ३ व्होल्ट. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. घड्याळ मागे गेलं की वेबसाइटचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ब्राउझरला वाटतं, म्हणून तो अडवतो. नुसती तारीख दुरुस्त करून वेबसाइट उघडून बघा, खात्री पटेल.

सेल बदलण्याआधी बायोसच्या पडद्यांचे फोटो काढून ठेवा, विशेषतः बूटचा क्रम आणि साटा (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत) मोडचा. सेल काढला की जुन्या बोर्डांवर या नोंदी मूळ पदावर जातात. साटा मोड 'एएचसीआय' या पर्यायावरून दुसरीकडे गेला तर विंडोज सुरूच होत नाही आणि लोक बिचाऱ्या हार्ड डिस्कला दोष देतात. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. सेल बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर.

प्रश्न : दहा-पंधरा मिनिटं जड काम केलं की संगणक आपोआप बंद पडतो. थोड्या वेळाने पुन्हा नीट चालू होतो. पंखा तर फिरतोय.

उत्तर : पंखा फिरतो म्हणजे उष्णता बाहेर जाते असं नाही. प्रोसेसरच्या पाठीवर हीटसिंक बसतो आणि दोघांच्या मधल्या सूक्ष्म फटी थर्मल पेस्ट भरून काढते. पेस्ट वाळून तडकली, हीटसिंकच्या पात्यांत धुळीची गादी झाली किंवा हीटसिंकची एखादी पिन सुटली की उष्णता आतच कोंडते. बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. हलक्या कामात ३५ ते ५० अंश सेल्सिअस असेल तर काळजी नको. जड कामात ८०-८५ पर्यंतही चालतं. ९५-१०० च्या आसपास गेलं की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो.

सगळ्यात जास्त नुकसान हीटसिंक काढताना होतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरून बसते, आणि हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर कुलूपबंद सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकवून. म्हणून आधी संगणक पाच-दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक डावीकडे-उजवीकडे किंचित फिरवत सैल करा आणि मगच उचला. इंटेलच्या अलीकडच्या डेस्कटॉप सॉकेटमध्ये पिना बोर्डावरच असतात. तिथे प्रोसेसर उघडा ठेवून वर पेस्ट, स्क्रू, बोट यांपैकी काहीही पडू देऊ नका.

जुनी पेस्ट बिनधाग्याच्या कपड्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण पुसा. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरते. हीटसिंकचा दाब ती पसरवतो. जास्त घातली की चांगलं, हा गैरसमज आहे. जाड थर उष्णतेला अडवतोच, शिवाय कडेने ओघळतो.

इंटेलसोबत येणाऱ्या कूलरला चार ढकलपिना असतात. काढताना प्रत्येक पिनचं डोकं बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायचं. लावताना डोकी परत मूळ जागी फिरवा, मग समोरासमोरच्या तिरप्या जोड्या दाबा, शेजारशेजारच्या नाहीत. शेवटी बोर्डाच्या मागून पाहा : चारही पांढरे पाय बाहेर येऊन फाकलेले दिसले पाहिजेत. तीनच दिसले तर हीटसिंक एका कोपऱ्यात उचलला आहे, आणि तुमची तक्रार बहुतेक तिथूनच सुरू झाली असेल. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावा. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाही तर तो भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

प्रश्न : १ टीबीची डिस्क घेतली, विंडोज ९३१ जीबी दाखवतं. उरलेली जागा कुठे गेली?

उत्तर : कुठेही नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढे बाइट मोजते. विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ × १०२४ × १०२४ बाइट धरतं आणि भागाकार करतं. उत्तर ९३१ येतं. ५०० जीबीच्या डिस्कचे याच हिशेबाने ४६५ होतात.

प्रश्न : पेनड्राइव्हमध्ये १० जीबी जागा शिल्लक आहे, तरी ५ जीबीची फाइल 'फार मोठी आहे' म्हणून जात नाही.

उत्तर : ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. आतला मजकूर दुसरीकडे काढून ठेवा, ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'फॉरमॅट' आणि फाइल सिस्टिममध्ये 'एक्सफॅट' निवडा. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

प्रश्न : जुन्या संगणकाला एसएसडी लावायचा आहे. एम.२ प्रकारचा घेतला, स्लॉटमध्ये बसला, पण संगणकाला दिसतच नाही.

उत्तर : एम.२ हे फक्त आकाराचं आणि जोडणीचं नाव आहे. आत दोन निराळ्या जाती असतात. साटा जातीचा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचतो. एनव्हीएमई जातीचा, पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर (मार्गिकांवर), ३५०० एमबीच्या घरात जातो. स्लॉट एकच जात ओळखणारा असू शकतो. साटा जातीच्या कार्डाला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. पण खाचेवरून छातीठोक सांगता येत नाही, बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटपुढे काय लिहिलंय ते पाहणं हाच खरा मार्ग. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. स्क्रूची जागा त्या लांबीवर हवी. कार्ड तिरकं आत सरकवून मग खाली दाबून स्क्रू लावतात.

दुसरी शक्यता अगदी साधी आहे. बायोसमध्ये दिसतो आणि विंडोजमध्ये दिसत नाही, असं असेल तर डिस्क कोरी आहे. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, डिस्क 'इनिशियलाइझ' करा आणि 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' बनवा. मात्र डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा पाहा. इथे चुकीची डिस्क निवडली तर जुना डेटा जातो. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो, त्यामुळे एसएसडी दिसू लागला आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली तर घाबरू नका, तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

बोर्डावर एम.२ स्लॉटच नसेल तरी अडत नाही, अडीच इंची साटा एसएसडी लावा. हार्ड डिस्कवरून त्याच्यावर आलात तरी फरक लगेच जाणवतो. कारण नुसता वेग नाही. हार्ड डिस्कला हव्या त्या ठिकाणी वाचणारा काटा नेण्यातच काही मिलिसेकंद जातात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो उड्या माराव्या लागतात.

प्रश्न : एक्सेलमध्ये फोन नंबरच्या सुरुवातीचा शून्य उडतो. सोळा अंकी क्रमांक लिहिला तर शेवटचा अंक शून्य होतो. दोन्हींना उपाय काय?

उत्तर : कारण एकच आहे. एक्सेल अंक दिसले की त्यांना संख्या समजतो. संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नाही, म्हणून तो गेला. आणि एक्सेल संख्येचे फक्त १५ सार्थ अंक साठवतो. सोळावा कायमचा शून्य होतो. नंतर सेलचा फॉरमॅट बदलून तो परत येत नाही, कारण आत साठवलेलाच नाही. बारा किंवा अधिक अंकांचा क्रमांक १.२३ई+११ अशा रूपात दिसतो, तेव्हा मात्र फक्त रूप बदललेलं असतं. कॉलम रुंद करून 'नंबर' फॉरमॅट आणि शून्य दशांश दिले की पूर्ण दिसतो.

ज्या अंकांची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, ते अंक म्हणजे मजकूर, हा नियम धरा : फोन, खातं, हजेरी क्रमांक, पिन कोड. लिहिण्याआधी पूर्ण कॉलम निवडून 'होम' टॅबवरच्या फॉरमॅटच्या यादीतून 'टेक्स्ट' करा. एखाद-दुसऱ्या घरापुरतं (सेलपुरतं) असेल तर अंकाआधी एकेरी अवतरणचिन्ह टाका; ते छापलं जात नाही.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) हा खरा सापळा आहे. ती डबल क्लिकने उघडली की शून्य तिथल्या तिथे उडतात आणि सेव्ह केलं की फाइलमधूनही जातात. त्याऐवजी कोरी वर्कबुक उघडून 'डेटा' टॅबवरून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा, त्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' ठरवा, मग 'क्लोज अँड लोड'.

प्रश्न : याच्या उलट अडचण. दुसरीकडून कॉपी केलेल्या आकड्यांची बेरीज शून्य येते.

उत्तर : इथे आकडे मजकूर होऊन आले आहेत. डावीकडे चिकटलेले दिसत असतील, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असेल. कॉलम निवडा, 'डेटा > टेक्स्ट टू कॉलम्स' उघडा आणि काहीही न बदलता सरळ 'फिनिश' दाबा. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं.

नाही भागलं तर आकड्यांना न दिसणारी जागा चिकटलेली आहे. वेब पानावरून आलेली ही जागा साध्या स्पेसपेक्षा वेगळी असते, तिचा क्रमांक १६०. जादा स्पेस काढणारं 'ट्रिम' हे सूत्र तिला काढत नाही. शेजारच्या कॉलममध्ये =व्हॅल्यू(सब्स्टिट्यूट(ए२,कॅर(१६०),"")) असं सूत्र लिहून खाली ओढा, मग कॉपी करून 'पेस्ट स्पेशल > व्हॅल्यूज' ने मूळ जागी आणा.

प्रश्न : तारखा निम्म्या बरोबर येतात, निम्म्यांत दिवस-महिना उलटतात.

उत्तर : एक्सेलसाठी तारीख म्हणजे एक संख्या. १ जानेवारी १९०० ला तो १ म्हणतो, १ जानेवारी २०२४ ला ४५२९२. (जुन्या लोटस १-२-३ शी जुळावं म्हणून त्याच्या दिनदर्शिकेत २९ फेब्रुवारी १९०० हा अस्तित्वातच नसलेला दिवसही आहे.) तुमची फाइल दिवस-महिना-वर्ष अशी आहे आणि संगणकाची मांडणी अमेरिकन, म्हणजे महिना आधी. मग ०५/०३ ही ५ मार्च असूनही ३ मे म्हणून साठते, आणि २५/०३ ला पंचविसावा महिना नसल्यामुळे ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. दुसऱ्या प्रकारची चूक लगेच दिसते, ती डावीकडे असते. पहिली गपचूप बसते, म्हणून जास्त घातक.

उलटलेल्या तारखा एकेक करून दुरुस्त करत बसू नका, मूळ फाइलकडे परत जा. विंडोजच्या 'रीजन' सेटिंगमध्ये तारखेची मांडणी दिवस-महिना-वर्ष करा आणि डेटा पुन्हा आणा. किंवा कॉलम आधी 'टेक्स्ट' करून त्यात डेटा पेस्ट करा, 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीत 'डेट' आणि पुढच्या यादीत 'डीएमवाय' निवडा.

प्रश्न : पहिल्या ओळीत सूत्र बरोबर चालतं. खाली ओढलं की सगळीकडे शून्य.

उत्तर : दर ई१ मध्ये आणि नग बी२ पासून खाली, असं काहीसं असणार. =बी२*ई१ हे सूत्र एक घर खाली आणलं की =बी३*ई२ होतं. ई२ रिकामं, म्हणून शून्य. सूत्रात ई१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबा, ते $ई$१ होईल आणि जागेवरून हलणार नाही. लॅपटॉपवर बहुधा एफएनसोबत एफ४ दाबावं लागतं. एफ४ पुन्हा पुन्हा दाबलं की ई$१ म्हणजे फक्त ओळ बांधलेली, $ई१ म्हणजे फक्त कॉलम बांधलेला, असे प्रकार येतात.

हे हातात बसायला एक व्यायाम पुरे. ए२ पासून खाली १ ते १०, बी१ पासून उजवीकडे १ ते १० लिहा. आता बी२ मध्ये असं एकच सूत्र लिहा, की ते दोन्ही दिशांना ओढल्यावर दहापर्यंतचे सगळे पाढे तयार होतील. उत्तर आहे =$ए२*बी$१. बघून लिहिण्याआधी दोनदा चुकलात तर उत्तमच, चूक पाहिल्यावरच डॉलर कुठे हवा ते डोक्यात बसतं.

प्रश्न : प्रकल्प-अहवालात मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका सोडून तिसऱ्या पानापासून १ हा क्रमांक हवा आहे. एक काढला की सगळे जातात.

उत्तर : वर्ड पानागणिक विचार करत नाही, विभागागणिक करतो. तुमचा सगळा दस्तऐवज एकच विभाग आहे, म्हणून सगळीकडे सारखंच होतं. तिसऱ्या पानाच्या अगदी सुरुवातीला कर्सर ठेवा आणि 'लेआउट > ब्रेक्स > नेक्स्ट पेज' घ्या. तिथे आधी कंट्रोल-एंटरने पान तोडलेलं असेल तर तो जुना ब्रेक पुसा, नाही तर मध्ये कोरं पान येईल. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की हे सगळे ब्रेक डोळ्यांना दिसतात. वर्ड शिकताना ही खुणांची सोय चालूच ठेवावी.

आता तिसऱ्या पानाच्या तळाच्या पट्टीत, म्हणजे फूटरमध्ये, डबल क्लिक करा. वर 'लिंक टू प्रीव्हियस' दाबलेलं दिसेल, ते बंद करा. हेडरमध्येही काही लिहिलं असेल तर त्याची लिंक वेगळी तोडावी लागते. मग 'पेज नंबर > फॉरमॅट पेज नंबर्स' मध्ये 'स्टार्ट अ‍ॅट' १ करा. आणि शेवटी, लिंक तोडल्यानंतरच, पहिल्या विभागातला क्रमांक पुसा. क्रम उलटा केला तर तुम्ही म्हणता तेच होतं. इतकं करूनही विभागाच्या पहिल्याच पानावर क्रमांक दिसला नाही तर 'डिफरंट फर्स्ट पेज'वरची खूण काढा.

अनुक्रमणिका हाताने टिंबं टाकून करू नका. प्रत्येक शीर्षकाला 'हेडिंग १', पोटशीर्षकाला 'हेडिंग २' ही शैली द्या, मग 'रेफरन्सेस > टेबल ऑफ कंटेंट्स'. मजकूर वाढला की अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ९ आणि 'अपडेट एंटायर टेबल'. छापण्याआधीचं हे शेवटचं काम.

प्रश्न : अहवालाच्या शेवटी तक्ता आहे आणि त्यानंतर एक कोरं पान, जे पुसलं जात नाही.

उत्तर : तक्त्यानंतर एक परिच्छेद असणं वर्डला सक्तीचंच आहे, तो पुसता येत नाही. त्याची खूण निवडून फाँटचा आकार १ करा, आधीची-नंतरची जागा शून्य आणि ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' १ पॉइंट करा. तो मागच्या पानावर मावतो.

प्रश्न : मी मराठीत टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाँट पाठवावा का?

उत्तर : पाठवून आजचं काम निघेल, पण दुखणं राहील. कृतीदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटांत आत साठतात ती इंग्रजी अक्षरंच. फाँट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार रंगवतो. फाँट नसला की आतलं उघडं पडतं. अशा मजकुरात शोध लागत नाही, अकारविल्हे क्रम लागत नाही, मोबाइलवर तो वाचता येत नाही. पारख सोपी : मजकूर निवडून 'निर्मला यूआय' किंवा 'मंगल' फाँट द्या. मराठीच राहिला तर युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत), खिचडी झाली तर जुना.

विंडोजमध्ये 'सेटिंग्ज > टाइम अँड लँग्वेज' मधून मराठी भाषा जोडा. विंडोज कळ आणि स्पेस दाबून कीबोर्ड बदलता येतो. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला असतात. पाय मोडायचं चिन्ह इंग्रजी डी कळीवर आहे. 'सूर्य' मधला रफार आणि 'दुसऱ्या' मधला ऱ्या यांत नवशिके अडतात. रफारासाठी जे कळीवरचा साधा र, मग डी. ऱ्या साठी शिफ्ट-जे वरचा ऱ, मग डी, मग य आणि काना. 'ळ' शिफ्ट-एनवर आहे. आणखी एक सवय मोडावी लागेल : जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो, आधी क मग वेलांटी.

जुन्या फाइली परिवर्तकाने बदलताना नेमक्या त्याच फाँटचा परिवर्तक निवडा आणि मजकुरातले इंग्रजी शब्द आधी बाजूला काढा. नाही तर त्यांचंही भलतंच मराठी होतं. बदलल्यावर पहिली वेलांटी, रफार, ऱ्या आणि जोडाक्षरं एवढ्या जागा नजरेखालून घाला. चुका बहुतेक तिथेच सापडतात. वर्डमध्ये मराठी मजकुराचा आकार फाँटच्या खिडकीतून बदलत नसेल तर तिथला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' हा वेगळा कप्पा पाहा, देवनागरीचा फाँट आणि आकार तिथून ठरतो.

प्रश्न : मेल मर्जमध्ये (एकाच पत्रात यादीतली नावं भरून अनेक पत्रं काढताना) पत्रावर तारीख अमेरिकन पद्धतीने येते, रकमेपुढे दशांशांची रांग लागते. एक्सेलमध्ये तर सगळं नीट दिसतं.

उत्तर : वर्ड एक्सेलच्या सेलचं रूप उचलत नाही, आतली किंमत उचलतो. एक्सेलमध्येच एक जादा कॉलम करा आणि त्यात =टेक्स्ट(सी२,"डीडी-एमएम-वायवायवायवाय") लिहा; रकमेसाठी =टेक्स्ट(डी२,"०.००"). मर्जमध्ये हे नवे कॉलम घ्या. टेक्स्टने दिलेलं उत्तर मजकूरच असतं, म्हणून ते पत्रावर जसंच्या तसं उतरतं.

यादीची पहिली ओळ शीर्षकांचीच असू द्या, वर अहवालाचं नाव वगैरे नको. मध्ये रिकामी ओळ किंवा एकत्र केलेली घरं नकोत. 'मेलिंग्ज > सिलेक्ट रेसिपियंट्स > यूज अ‍ॅन एक्झिस्टिंग लिस्ट' ने जोडल्यावर वर्ड कोणती शीट म्हणून विचारतो, ती नीट निवडा. पाकिटांवरच्या लेबलांत फक्त पहिलं लेबल भरलं आणि बाकीची कोरी राहिली तर पहिल्या लेबलाची मांडणी झाल्यावर 'अपडेट लेबल्स' दाबायचं राहिलं आहे. 'फिनिश अँड मर्ज' मधून थेट प्रिंटरला पाठवू नका. 'एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स' मध्ये १ ते ३ एवढीच पत्रं काढून तारीख, रक्कम आणि सगळ्यात लांब नावाची ओळ तपासा. लांब नाव पहिल्या तिघांत नसेल तर एक्सेलच्या यादीत ते वर आणून फाइल सेव्ह करा, आणि मगच चाचणी घ्या.